नोकरी सांभाळून सीबीटीचे पदव्युत्तर शिक्षण: मुंबईतल्या विद्यार्थ्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

मुंबईतले समुपदेशक, शाळांमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो: नोकरी न सोडता सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करून मानसिक त्रास कमी करणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराचे, पदव्युत्तर शिक्षण घेता येते का? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा शनिवार-रविवारच्या वर्गांचा हिशेब चालू असतो. वर्ग ही यातली सर्वांत सोपी बाब आहे. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करता करता ही पद्धत घडवली, आणि ती अंगी बाणवण्याचा मार्गही तोच आहे: क्लायंटबरोबरचे सत्र, त्या सत्राचे ध्वनिमुद्रण, आणि ते ऐकून नेमके बोट ठेवणारा जाणता सुपरवायझर. म्हणून अर्धवेळ अभ्यासक्रम निवडताना तो शनिवारी काय शिकवतो यापेक्षा सोमवार ते शुक्रवार तुमच्याकडून काय करून घेतो, हे आधी पाहावे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझे पहिले प्रमाणपत्र दोन शनिवार-रविवारांत मिळाले होते. वर्गात आम्ही एकमेकांचे क्लायंट झालो, एकमेकांचे विचार 'बदलले' आणि चहा पिऊन घरी गेलो. पुढच्याच आठवड्यात समोर बसलेल्या खऱ्या माणसाला मी उत्साहाने त्याचा विचार कसा चुकीचा आहे ते पटवून देऊ लागलो, आणि तो पुन्हा आला नाही. सीबीटी म्हणजे वाद घालून जिंकणे नव्हे, हे त्या संस्थेने शिकवलेच नसेल असे नाही. पण मी ते करतो आहे की नाही, हे पाहायला तिथे कोणी नव्हते.

पहिली पायरी: उद्दिष्ट आणि पात्रता

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. सीबीटीचे कोणतेही प्रमाणपत्र किंवा पदविका तुम्हाला 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही बिरुदावली देत नाही. त्यासाठी १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती नोंदणी मिळवण्यासाठी परिषदेने मान्य केलेला, रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाशी जोडलेला पूर्णवेळ अभ्यासक्रम करावा लागतो. ज्यांना तिथे पोहोचायचे आहे त्यांनी अर्धवेळ सीबीटीवर दोन वर्षे घालवण्याआधी त्या प्रवेशपरीक्षेचा विचार करावा. उलट, जे आधीच समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ, मानसोपचार विभागातील परिचारिका किंवा मनोसामाजिक कार्यकर्ते आहेत आणि ज्यांना हातातले काम अधिक नेमकेपणाने करायचे आहे, त्यांच्यासाठी हे शिक्षण अगदी योग्य आहे.

तिसरा गट मानव संसाधन, शिक्षण किंवा माहिती-तंत्रज्ञान अशा क्षेत्रांतून इकडे वळू पाहणाऱ्यांचा. आतापर्यंत या मंडळींचा ठरलेला रस्ता असा होता की नोकरी करता करता दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम.ए. करायचे आणि त्यावर एखादी पदविका घ्यायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या शैक्षणिक सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद करायला सांगितले आहे. याला आधार आहे तो २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याचा. ज्यांचा प्रवेश आधी झाला आहे त्यांना शिक्षण पूर्ण करता येते. याचा व्यवहारी अर्थ असा की पदव्युत्तर पदवी नसेल, तर मुंबई विद्यापीठाचा कलिना येथील उपयोजित मानसशास्त्र विभाग, एसएनडीटी महिला विद्यापीठ, देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा शहरातील एखादे महाविद्यालय यांपैकी कुठेतरी प्रत्यक्ष वर्गात बसून ती आधी मिळवावी लागेल. कोणी अजूनही ऑनलाइन एम.ए.ची जाहिरात करत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची चालू वर्षाची यादी स्वतः उघडून पाहावी. प्रवेश घेणाऱ्या प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनाला इथे काडीची किंमत नाही.

दुसरी पायरी: अभ्यासक्रमांचे प्रकार ओळखणे

मुंबईत बसून अर्धवेळ शिकणाऱ्यापुढे साधारण चार वाटा असतात. एक, इथल्या महाविद्यालयांच्या आणि खासगी संस्थांच्या शनिवार-रविवारच्या पदविका. दोन, परदेशी संस्थांचे ऑनलाइन प्रशिक्षण. त्यांत बेक आणि त्यांची कन्या जुडिथ बेक यांनी १९९४ साली फिलाडेल्फियाजवळ स्थापन केलेली बेक इन्स्टिट्यूट सर्वांना माहीत असते. थेट वर्ग असतील, तर फिलाडेल्फियातले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, हे लक्षात ठेवून कार्यालयातून निघण्याची वेळ ठरवावी. तीन, ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या अर्धवेळ पदविका. चार, विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे, म्हणजे आरईबीटीचे, प्रशिक्षण.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण तिचे आकर्षण मोठे आहे आणि निराशाही तितकीच मोठी असू शकते. ब्रिटनमध्ये २००८ नंतर सरकारी आरोग्यसेवेतून सीबीटी मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून देण्यात आली आणि त्यामुळे तिथले प्रशिक्षण अतिशय काटेकोर झाले. तिथल्या बीएबीसीपी या सीबीटी उपचारकांच्या संघटनेच्या किमान निकषांत ४५० तासांचे प्रशिक्षण, सुपरव्हिजनखाली २०० तासांचे प्रत्यक्ष उपचार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताळलेले ८ क्लायंट आणि त्यांपैकी ३ क्लायंटच्या सत्रांची बारकाईने तपासणी यांचा समावेश आहे. शिवाय विद्यार्थ्याकडे मानसिक आरोग्याशी निगडित मूळ व्यवसाय असावा, नाहीतर त्याने तेवढे ज्ञान आणि कौशल्य पुराव्यानिशी दाखवावे, अशी अट असते. या आकड्यांकडे मी इथल्या कोणत्याही अभ्यासक्रमाचे मोजमाप करण्याची फूटपट्टी म्हणून पाहतो. परंतु प्रवेश घेण्याआधी हे लेखी विचारून घ्यावे की मुंबईतले, मराठी किंवा हिंदीत बोलणारे क्लायंट चालतील का, आणि त्यांची ध्वनिमुद्रणे तपासणार कोण. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्या परीक्षकासाठी प्रत्येक सत्राचे शब्दशः लेखन आणि भाषांतर करत बसावे लागले, तर एका तासाच्या सत्रामागे अख्खा रविवार जातो.

चौथी वाट मराठी माणसाला विशेष जवळची आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी अनेक वर्षे लेखनातून आणि प्रशिक्षणातून मराठीत रुजवली, आणि १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या कामातही तिला मोठे स्थान आहे. त्यामुळे 'विवेकनिष्ठ', 'अविवेकी समज', 'हट्टाग्रह' असे शब्द इथल्या क्लायंटला सांगण्यासाठी तयार मिळतात, ही मोठीच सोय आहे. मात्र एलिसची पद्धत आणि बेकची पद्धत या बहिणी असल्या तरी एकच नव्हेत. एलिस 'असे झालेच पाहिजे' या मागणीवर थेट घाव घालतो. बेक विचाराला गृहीतक मानून क्लायंटबरोबर पुरावा गोळा करायला बसतो. अभ्यासक्रमाच्या नावात 'सीबीटी' असेल आणि प्रत्यक्षात त्यात आरईबीटीच शिकवली जात असेल, तर त्यात वाईट काही नाही, पण आपण काय शिकत आहोत ते माहीत असावे.

तिसरी पायरी: शुल्क भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

माहितीपत्रकातल्या प्रकरणांची नावे सगळीकडे सारखीच असतात, म्हणून त्यांवर वेळ घालवू नये. विचारायचे ते असे: क्लायंट संस्था देणार की विद्यार्थ्याने शोधायचे? सुपरव्हिजन आठवड्याला किती, एका गटात किती जण, आणि सुपरवायझर स्वतः आजही क्लायंट पाहतात का? सुपरव्हिजन शुल्कात धरले आहे की त्याचे तासागणिक वेगळे पैसे? सत्रांची ध्वनिमुद्रणे कोणी ऐकते का, आणि कोणत्या मापनश्रेणीवर गुण देते? मूल्यमापन केवळ लेखी परीक्षेवर आणि हजेरीवर होत असेल, तर तो सीबीटीविषयीचा अभ्यासक्रम आहे, सीबीटीचा नव्हे. शेवटी, नुकताच अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलावे आणि त्यांना एकच विचारावे: तुमचे पहिले सत्र कोणी ऐकले?

चौथी पायरी: क्लायंट आणि सुपरव्हिजन यांची सोय

अर्धवेळ विद्यार्थ्याचे घोडे बहुतेक वेळा इथेच अडते. नोकरीतच समुपदेशन असेल, तर प्रश्न निम्मा सुटतो, पण तेव्हाही व्यवस्थापनाची लेखी परवानगी हवी, कारण शाळेत किंवा कंपनीत आलेला माणूस तुमच्या अभ्यासाचा क्लायंट होण्यासाठी आलेला नसतो. नोकरी दुसऱ्या क्षेत्रातली असेल, तर स्वयंसेवी संस्था, धर्मादाय दवाखाने, महाविद्यालयांची समुपदेशन केंद्रे किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञांची चिकित्सालये यांच्याकडे प्रवेश घेण्याच्या आधीच जाऊन यावे. केईएम, नायर, शीव किंवा जे. जे. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागांचा बाह्यरुग्ण कक्ष सकाळी चालतो, आणि नोकरदाराला ती वेळ जमत नाही. म्हणून संध्याकाळी किंवा शनिवारी चालणारी जागा शोधावी. घरच्या हॉलमध्ये क्लायंट बोलावण्याचा मोह टाळावा. मुंबईतल्या घराच्या भिंतींना खरोखरच कान असतात, आणि शेजारच्या खोलीत सासूबाई मालिका पाहत असताना कोणीही मोकळे बोलत नाही.

पहिल्या वर्षी कोणते क्लायंट घ्यावेत, हेही ठरवून ठेवावे. सौम्य ते मध्यम नैराश्य, पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके), सामाजिक भीती, एखाद्या विशिष्ट गोष्टीची भीती आणि सततची काळजी यांवर उपचारांचे टप्पे सुस्पष्ट आहेत, त्यामुळे शिकणाऱ्याला पद्धत दिसते. तीव्र व्यसन, खाण्याचे विकार, लहानपणीचे गुंतागुंतीचे आघात यांना पहिल्या वर्षी हात लावू नये.

टप्पे सुस्पष्ट असणे म्हणजे काय, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. डोंबिवलीहून दादरला येणाऱ्या एका तरुणीला फास्ट लोकलमध्ये धडधड, घाम आणि गुदमरल्यासारखे होते. आता ती फक्त स्लो गाडीने, दाराजवळ बसून, पाण्याची बाटली हातात धरून आणि बहिणीला फोन लावून प्रवास करते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेल्या प्रारूपानुसार इथला गाभा लोकल हा नसून शरीरातल्या संवेदनांचा लावलेला भयंकर अर्थ हा आहे: 'छातीत धडधडले म्हणजे मी आता कोसळणार.' बाटली, दार आणि फोन हे सुरक्षेचे उपाय तो अर्थ जिवंत ठेवतात, कारण प्रत्येक वेळी ती न कोसळण्याचे श्रेय बाटलीला जाते. म्हणून प्रयोग रचताना 'दादर ते माटुंगा, रविवारी दुपारी, स्लो गाडीने' इथून सुरुवात करून 'दादर ते घाटकोपर फास्टने' इथवर जायचे, पण प्रत्येक पायरीवर एकेक सुरक्षेचा उपाय कमी करायचा, आणि निघण्यापूर्वी 'काय होईल असे वाटते' व उतरल्यावर 'काय झाले' हे दोन्ही लिहून घ्यायचे. नवशिक्या विद्यार्थ्याची ठरलेली चूक अशी की तो प्रवास करायला लावतो आणि भाकीत लिहून घ्यायला विसरतो. मग ती तरुणी 'कशीबशी निभावले' एवढेच शिकून परत येते. आणखी एक सावधगिरी मुंबईपुरती आहे. सकाळी साडेआठच्या गर्दीत दारात लटकण्याची भीती ही विकाराची भीती नव्हे, ती शहाणपणाची भीती आहे. कोणती भीती घालवायची आणि कोणती तशीच राहू द्यायची, हे ठरवायला सुपरवायझर लागतो.

पाचवी पायरी: उपचारांची भाषा तयार करणे

पुस्तके इंग्रजीत, वर्ग इंग्रजीत आणि क्लायंट मराठीत, ही मुंबईतल्या विद्यार्थ्याची नेहमीची स्थिती आहे, आणि जवळजवळ कोणताही अभ्यासक्रम त्याची तयारी करून घेत नाही. 'तुमचे स्वयंचलित विचार कोणते?' असे विचारले की समोरचा माणूस गोंधळतो. 'तेव्हा मनात काय आलं?' असे विचारले की तो सांगू लागतो. त्यातही एक अडचण आहे. 'तुम्हाला कसं वाटलं?' या प्रश्नाला मराठी माणूस 'मला वाटलं की साहेब माझ्यावर चिडले' असे उत्तर देतो, कारण आपल्याकडे 'वाटणे' हे क्रियापद विचार आणि भावना या दोन्हींचे ओझे वाहते. सीबीटीत या दोन गोष्टी वेगळ्या करणे हे तर पहिलेच काम. म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन वेगळे प्रश्न पाठ करायला सांगतो: 'मनात काय आलं?' आणि 'जिवाला काय झालं?' दुसऱ्या प्रश्नाला 'घालमेल', 'धाकधूक', 'चिडचिड', 'अगदी लाजल्यासारखं' अशी उत्तरे येतात आणि विचारनोंदीतला, म्हणजे प्रसंग, विचार आणि भावना लिहून ठेवण्याच्या तक्त्यातला, भावनेचा रकाना आपोआप भरतो. 'टेन्शन आलं' या उत्तरावर मात्र थांबू नये. त्या एका शब्दात भीती, राग, काळजी आणि थकवा असे सगळेच सामावते.

'गृहपाठ' हा शब्दही जपून वापरावा. शाळेत मार खाल्लेल्या पिढीतला क्लायंट गृहपाठ झाला नाही म्हणून पुढचे सत्रच चुकवतो. 'आठवडाभर एवढं करून बघू या' हे पुरेसे आहे. अभ्यासक्रमाच्या पहिल्याच महिन्यात स्वतःची एक वही करून तीत अशा प्रश्नांची मराठी आणि हिंदी रूपे लिहायला सुरुवात करावी. लक्षणे मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या ० ते २७ गुणांच्या नैराश्याच्या प्रश्नावलीचे मराठी रूप उपलब्ध आहे आणि ती विनामूल्य वापरता येते. ती दर सत्राच्या सुरुवातीला भरून घ्यावी.

सहावी पायरी: आठवड्याचा हिशेब

आठवड्याला २ क्लायंट धरले तर २ तास सत्रांचे, १ तास टिपणे आणि तयारीचा, १ तास सुपरव्हिजनचा, २ तास स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकण्याचे आणि ३ तास वाचनाचे, असे ९ तास होतात. त्यात शनिवारचा ६ तासांचा वर्ग मिळवला की १५. हे तास घरच्यांसमोर कागदावर मांडावेत आणि मगच प्रवेश घ्यावा. लोकलच्या प्रवासात वाचन होते. मात्र सत्राचे ध्वनिमुद्रण लोकलमध्ये ऐकू नये आणि क्लायंटची टिपणे तिथे उघडू नयेत. शेजारी उभा असलेला माणूस तुमच्या फोनमध्ये डोकावतो, आणि त्याला क्लायंटचे नाव कळण्याची शक्यता या शहरात आपल्याला वाटते तेवढी कमी नाही.

सातवी पायरी: स्वतःचा आवाज ऐकणे

प्रशिक्षणात सर्वाधिक वापरली जाणारी मापनश्रेणी यंग आणि बेक यांनी १९८० साली तयार केलेली आहे. तीत ११ बाबी असतात, प्रत्येकीला ० ते ६ गुण, एकूण ६६, आणि ४० गुण ही सर्वसाधारणपणे सक्षमतेची रेषा मानली जाते. सत्राची विषयपत्रिका ठरवली का, क्लायंटकडून प्रतिसाद विचारला का, वेळ नीट वापरला का, उत्तर सांगण्याऐवजी प्रश्नांतून शोधायला लावले का, मध्यवर्ती विचारावर लक्ष राहिले का, पुढच्या आठवड्याचे काम एकत्र ठरवले का, अशा त्या बाबी आहेत. सुपरवायझरकडे ध्वनिमुद्रण पाठवण्यापूर्वी स्वतः गुण द्यावेत आणि मग दोन्ही आकडे ताडून पाहावेत. बहुतेकांना पहिला धक्का बसतो तो स्वतःच्या बडबडीचा. तासाभराच्या सत्रात आपण किती मिनिटे बोललो ते घड्याळ लावून मोजावे. लाज वाटेल, पण मोजावे.

ध्वनिमुद्रणासाठी क्लायंटची लेखी संमती हवी, तीत ते कोण ऐकणार आणि कधी नष्ट होणार हे लिहिलेले हवे, आणि नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत हे स्पष्ट सांगायला हवे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातील कलम २३ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. तिला मर्यादाही आहेत, आणि त्या पहिल्याच सत्रात सांगाव्यात: जिवाला धोका असेल तर, आणि १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर. दुसऱ्या बाबतीत पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९प्रमाणे माहिती कळवणे बंधनकारक आहे. पीएचक्यू-९मधला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याविषयी आहे. त्यावर शून्याखेरीज उत्तर आले, तर त्याच सत्रात थेट विचारपूस करावी, त्याच दिवशी सुपरवायझरला कळवावे आणि ज्यांच्याशी आधीच संपर्क जोडून ठेवला आहे अशा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. क्लायंटच्या हाती टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक द्यावा. असे मनोविकारतज्ज्ञ ओळखीचे नसतील, तर पहिला क्लायंट घेऊ नये.

अभ्यासक्रम संपताना

एक गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोणी बोलत नाही. अभ्यासक्रम एप्रिल किंवा मे महिन्यात संपतो, त्याबरोबर सुपरव्हिजनही संपते, पण क्लायंट आपल्या गतीने बरा होत असतो. म्हणून फेब्रुवारीनंतर नवा क्लायंट घेऊ नये, आणि चालू असलेल्यांना जानेवारीतच किती सत्रे उरली आहेत ते सांगावे. शेवटची दोन सत्रे त्रास पुन्हा डोके वर काढेल तेव्हा काय करायचे याचा लेखी आराखडा क्लायंटच्याच शब्दांत तयार करण्यासाठी राखून ठेवावीत, आणि त्यानंतर १ महिन्याने व ३ महिन्यांनी एकेक भेट ठेवावी. त्या भेटी अभ्यासक्रमाच्या तारखेपलीकडे जातात, तेव्हा त्या काळातल्या सुपरव्हिजनचे पैसे कोण देणार, हे शुल्काच्या पावतीवर सही होण्याआधीच लिहून घ्यावे.